अकराव्या पॉइंटचा गूळ

मामा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही होता तेव्हा तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, पत्र कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि आपल्या दोघांतलं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून जावं हे मला नको होतं. आता ती अडचण उरलेली नाही. शाळा सुटली आहे, खेळाच्या खोलीत मी एकटीच आहे, टेबलावर बॅडमिंटनची पिसं मोडलेली दहा-बारा फुलं पडली आहेत. आमच्या मुलींना अजूनही फूल कसं हाताळावं ते कळत नाही; वाफ न देता खेळायला घेतात आणि एका स्मॅशमध्ये त्याची पिसं उडवतात. काल दुपारी मी कसबा बावड्याला मामींकडे जाऊन आले. तिथे जे ऐकलं ते ऐकून आल्यापासून मी इतकी हलकी झाले आहे, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं.

लेक तुमच्याबद्दल मला विचारते, मार्कर म्हणजे नेमकं काय गं. मी सांगते, क्लब एक माणूस ठेवतो. त्यानं हॉल झाडायचा, जाळी बांधायची, दिवे लावायचे आणि एखाद्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याबरोबर खेळायचं. खेळायचं म्हणजे कसं, ते मात्र मी तिला कालपर्यंत सांगितलं नव्हतं. साहेबाला घाम यावा पण कमीपणा येऊ नये, असं खेळायचं. फूल नेमकं त्याच्या बॅटवर टाकायचं, त्याला दोन चांगले फटके मारू द्यायचे, चुरस दाखवायची आणि शेवटी दोन-चार पॉइंटांनी हरायचं. आमचे दादा, माझे वडील, वकील; शाहूपुरीतून रोज संध्याकाळी सहाला क्लबात जायचे आणि आठला घरी येऊन आईला सांगायचे की आज मार्करला पंधरा-अकरा दिली. जेवताना भाताच्या डावानं बॅकहँड कसा मारला तेही दाखवायचे. दिवसभर कचेरीत काहीही होवो, संध्याकाळी ते जिंकून यायचे, म्हणून आमच्या घरात शांतता नांदली. दादा गेले ते आपण उत्तम खेळाडू होतो असं मानूनच गेले. तेवढं पुण्य तुमच्या खाती आहेच.

मी अकरा वर्षांची असताना तुमच्याकडे आले. बुधवारी आणि शनिवारी दुपारी मेंबरांच्या घरातल्या बायकामुलांना हॉल मोकळा असायचा. बायका यायच्या, चार फटके मारून चहा प्यायच्या. मी मात्र मागच्या खोलीत तुमच्याजवळ येऊन उभी राहायचे. स्टोव्हवर किटली खळखळायची आणि तुम्ही तिच्या तोटीसमोर एकेक फूल धरून सावकाश फिरवायचात. कोरड्या हवेत पिसं कडक होतात, वाफ दिली की लवचीक राहतात, हे मला तिथे कळलं. माझा खांदा फार हलतो म्हणून तुम्ही चिडायचात. एकदा म्हणालात, आईचं मनगट बघ भाकरी थापताना, खांदा हलतो का? मी म्हटलं, आमच्याकडे पोळ्या होतात. तुम्ही कपाळाला हात लावला आणि दादांची परवानगी काढून पुढच्या रविवारी मला सायकलवरून बावड्याला नेलंत. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, सगळ्या रस्त्यावर मळीचा वास. तुम्ही मला चुलीपुढे पाटावर बसवलंत आणि मामी भाकऱ्या थापत राहिल्या. खांदा जागेवर, कोपर जागेवर, सगळं काम मनगटाचं. मी तासभर बघत बसले. मामी म्हणाल्या, वकिलाची पोर हाय, तिला नुसतं बघायला बसवलंय व्हय, जेवू तरी घालू द्या की. तो फटका मी भाकरीवरून शिकले, हे मी पुण्याच्या खेळाडूंना सांगते तेव्हा त्यांना ती थट्टा वाटते.

चौदाव्या वर्षी मी तुम्हाला हरवायला लागले होते. अकरा-आठ, अकरा-नऊ. दादा खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचे आणि म्हणायचे, वळण बापाचं आहे. त्या उन्हाळ्यात मला पुण्याच्या स्पर्धेला पाठवलं. पहिल्याच फेरीत माझ्याहून डोक्यानं लहान एका मुलीनं मला अकरा-एक, अकरा-शून्य अशी घरी पाठवली. तिचं एकही फूल माझ्या बॅटवर आलं नाही. मी जिथे नाही तिथेच ते पडत होतं, आणि मला वाटत होतं की ही चुकीचं खेळते आहे. परतीच्या गाडीत मिरजेच्या अलीकडे कुठेतरी माझ्या डोक्यात उजेड पडला. कोल्हापुरात आले ती घरी न जाता, पिशवी हातात घेऊन तशीच क्लबाच्या मागच्या खोलीत शिरले आणि ओरडले की तुम्ही मला फसवलंत, तीन वर्षं मला दादांसारखं खेळवलंत.

तुम्ही आधी दार लावलंत. मग स्टोव्ह बारीक केलात. बाहेर चार मेंबर बसले होते, आणि त्यातल्या प्रत्येकानं आठवड्यातून एकदा तरी तुम्हाला हरवलेलं होतं. "हळू बोल, पोरी," तुम्ही म्हणालात. "ह्ये भाईर ऐकू गेलं तर उद्यापास्नं माझी सायकल हिकडं यायची न्हाय. सायबाच्या बॅटीवर फूल टाकायचं ह्यो माझा धंदा हाय. तुझ्यासंगं बी हात तसाच चालत ऱ्हायला. सवय झाली हाताला. चुकलं माझं." मोठ्या माणसानं माझी चूक झाली म्हणावं, हे मी तोवर आमच्या घरात ऐकलेलं नव्हतं. मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, उद्यापासून खरं खेळू, पण रडणारीशी मी खेळत नाही, तेवढं आज इथं आटपून घे.

दुसऱ्या दिवशी अकरा-शून्य. तिसऱ्या दिवशी अकरा-शून्य. दादांना काळजी वाटली, पोरीला काही झालंय का. मग मी घरी आकडे सांगणंच बंद केलं. तीन महिने मी एक पॉइंट, दोन पॉइंट यांच्यासाठी हॉलभर धावले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही काय खेळाडू होता. पुण्यामुंबईचे लोक तुम्हाला पाहते तर टोप्या काढते. पण पगार घेऊन खेळणाऱ्याला स्पर्धा बंद, म्हणून तुमचा खरा खेळ आयुष्यात बघितला तो फक्त मी, दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये. ज्या दिवशी मी पाचवर पोहोचले, त्या दिवशी तुम्ही सदऱ्याच्या खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. बावड्याच्या गुऱ्हाळातला, नवा. म्हणालात, पुढचा सातला. सातला दिलात, मग नऊला दिलात, नऊच्या गुळाला दोन वर्षं लागली. अकराचा मात्र राहिला. अठराव्या वर्षी मी राज्यात पहिली आले, हार घालून मला स्टेशनवरून आणली, फोटो निघाले. पण त्या आधीही आणि नंतरही तुम्ही मला हरवत होता, ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं.

मग लग्न झालं आणि मी मलकापूरला गेले. माणूस फार चांगला होता, मामा, हे मी तुम्हाला तेव्हा नीट सांगितलं नाही. भाताची गिरणी, रत्नागिरी रस्त्याला दुकान, घरात दिवसभर माणसांचा राबता. त्यांनी माझी बॅट भिंतीला टांगली होती आणि आल्यागेल्याला दाखवायचे. एक अंगण सारवून घेऊन तिथे जाळीही बांधली होती, पण तिकडच्या पावसाच्या दमट हवेत तीन महिन्यांत जाळी कुजली आणि बॅटीची चौकट वाकडी झाली. तोवर लेक झाली. ती तीन वर्षांची असताना त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. त्यानंतरचं वर्ष मला नीट आठवत नाही. सकाळी उठायचं, चुलीकडे जायचं, वाढायचं, आणि कोणी हाक मारली की दचकायचं. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत, त्याही मुलगा गमावून बसल्या होत्या. पण त्या घरात दोन बायका एकमेकींना दिसल्या की दोघींना तोच आठवायचा.

तुम्ही एसटीनं आलात. धोतर, काळी टोपी, हातात फुलांचं पुठ्ठ्याचं नळकांडं. ओसरीवर बसलात आणि नळकांडं शेजारी उभं केलंत. सासूबाईंनी चहा दिला आणि नळकांड्याकडे बघून विचारलं, पावणं, कोंबडीची पिसं कशाला आणली हो. तुम्ही म्हणालात, कोंबडीची न्हाईत आईसाहेब, बदकाची हायत. लेकीनं एक फूल काढून उलटं उभं केलं, ती म्हणाली ही बाहुली, हिचा झगा बघ. मी वर्षानं पहिल्यांदा हसले. धीर धर, देवाची मर्जी, असलं तुम्ही काही म्हणाला नाहीत, ते म्हणायला सगळा तालुका येऊन गेला होता. उठताना एवढंच म्हणालात की हॉलचं दार मी सकाळी सहाला उघडतो, मी तिथंच असतो. तुम्ही गाडीसाठी चालायला लागलात तेव्हा मी पाहिलं, उजवा पाय जपून टाकत होता.

चार महिन्यांनी दादांनी मला कोल्हापूरला आणलं. सासूबाई आड आल्या नाहीत, पण नातीला त्यांनी ठेवून घेतलं. म्हणाल्या, "भावजयीच्या ताटात माझी नात जेवायची न्हाई. तुझ्या पायावर हुबी ऱ्हा, मग ने." मला त्यांचा राग आला होता, आता येत नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण त्या वेळी घरातून निघताना लेकीनं ते फूल मला परत दिलं, बाहुली तू ने म्हणाली, आणि मी शाहूवाडीपर्यंत गाडीत मान खाली घालून बसले.

सकाळी सहाला मी हॉलवर आले. वजन वाढलेलं, दम पुरत नव्हता, नऊवारीतून पंजाबी पोशाखात शिरायचीही लाज वाटत होती. बॅट हातात दिलीत, तुमचीच, नवीन तात ओढलेली, आणि पलीकडे जाऊन उभे राहिलात. पहिलं फूल माझ्या बॅटवर आलं. दुसरं आलं. दोन महिने प्रत्येक फूल माझ्या बॅटवर येत राहिलं आणि मी ते परत टोलवत राहिले. तुम्ही मार्करसारखे खेळत होता हे मला कळत होतं, मला कळतंय हे तुम्हालाही कळत होतं. चौदाव्या वर्षी ज्याच्यासाठी मी ओरडले होते, तेच मी सत्ताविसाव्या वर्षी मुकाट्यानं घेत होते. सगळ्या जगात तेव्हा तेवढीच एक गोष्ट माझ्याजवळ आपणहून येत होती. मग हळूहळू फूल बॅटीपासून वीतभर लांब पडायला लागलं, मग हातभर, मग मी पुन्हा धावायला लागले. कुठल्या दिवशी तुम्ही मार्करचे परत खेळाडू झालात ते मला सांगता येणार नाही. आणि सगळा घोळ इथेच सुरू झाला.

मुलींच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा निघाली. शाळेच्या कमिटीवर आमच्या क्लबाचेच सेक्रेटरी होते, दादांचे स्नेही. मी राज्यात पहिली आले त्याला नऊ वर्षं झालेली, कमिटीतल्या एकानं शंका काढली की आता या बाईंना हे झेपेल का. सेक्रेटरींनी त्यावर तोडगा काढला. म्हणाले, त्यात काय, रविवारी दुपारी सगळ्यांसमोर मार्करशी एक गेम खेळू द्या, अकराचा. जिंकली तर जागा तिची. मार्करला तर मी आठवड्यातून दोनदा हरवतो, तिला काय जड आहे. दादा घरी येऊन आनंदानं म्हणाले, काम झालं समज, त्याच्या बॅकहँडवर टाक, तिथे तो कच्चा आहे. मामा, मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या कोल्हापुरात तुमचा खरा खेळ माहीत असलेली मी एकटी होते, आणि माझ्याचपुढे तुम्हाला उभं केलं होतं. तुम्ही खरे खेळलात तर मी हरणार होते, तशी मी आयुष्यात कधी जिंकले नव्हते. तुम्ही साहेबांशी खेळता तसे खेळलात तर नोकरी मिळणार होती, लेक येणार होती, पण ती भीक झाली असती. कोणाला समजावून सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती.

शनिवारी मी मागच्या खोलीत आले. तुम्ही उद्याच्या फुलांना वाफ देत होता. मी म्हटलं, "मामा, उद्या मार्करसारखं खेळू नका." तुम्ही फूल फिरवता फिरवता माझ्याकडे न बघता म्हणालात, "बरं." बस्स, एवढंच. मी तोंडानं ते बोलले आणि घरी येऊन देवापुढे बसून बरोबर उलटं मागितलं. मला लेक हवी होती, मामा. मान नंतर सावरता आला असता.

त्या गेमचा एकेक पॉइंट मला आजही पाठ आहे. तीन खुर्च्यांवर कमिटी, चौथीवर दादा. तुम्ही गुडघ्याला फडकं बांधून आलात. पाच-एक तुम्ही पुढे. तेव्हाच्या नियमानं सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट, त्यामुळे सर्व्हिस हातातून हातात जायची आणि फळ्यावरचा आकडा हलायचाच नाही. मी मागे पळून पळून दमले. मग मी नेटजवळ एक बारीक ड्रॉप टाकला, तुम्ही उजवा पाय पुढे टाकून तो उचललात आणि तुमचं तोंड वाकडं झालं. मी ते पाहिलं. तुम्हीच मला शिकवलं होतं की समोरचा लंगडत असेल तर त्याला तिथेच पळवायचं, दया घरी ठेवून यायची. मी तिथेच टाकत राहिले. सात-पाच, सात-सात, आठ-आठ. मग मागच्या रेषेवरचं एक फूल तुम्ही चार बोटं बाहेर मारलंत, तुम्ही, ज्यांना मी पंधरा वर्षांत तिथे चुकताना पाहिलं नव्हतं. नऊ. पुन्हा ड्रॉप, दहा. शेवटचा ड्रॉप नेटला घासून तुमच्या बाजूला अलगद उतरला, आणि तुम्ही हललाच नाहीत. उभे राहून बघत राहिलात. फूल पडलं, दादांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरी म्हणाले, मी सांगितलं नव्हतं का.

मी तुमच्या हाताकडे बघत होते, मामा. खिशाकडे जातो का म्हणून. पाचला, सातला, नऊला गेला होता तसा. तो गेला नाही. तुम्ही जाळी सोडवलीत, घडी केलीत आणि मान खाली घालून मागच्या खोलीत गेलात. गूळ नाही म्हणजे ते अकरा खरे नव्हेत, असा मी त्याचा अर्थ लावला. पुढचे दोन दिवस तुम्ही कामावरच आला नाहीत, तेव्हा मला खात्रीच पटली, की खोटं हरलात आणि आता मला तोंड दाखवायला तुम्हाला जड जातंय. तिसऱ्या दिवशी आलात, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असता तर?

नोकरी लागली. महिन्याभरात मी मलकापूरहून लेक आणली. सासूबाईंनी तिच्याबरोबर तांदळाचं पोतं दिलं आणि स्वतः स्टँडपर्यंत आल्या. पुढल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तुम्ही गेलात, छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत. त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा राज्यात पहिली आले, पुण्याच्या त्याच हॉलमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी. वर्तमानपत्रात आलं, संकटावर मात करून परतलेली खेळाडू वगैरे. करंडक घेऊन मी घरी आले आणि दाखवायला तुम्ही नव्हता. लोक म्हणतील, मग करंडकानं तरी तुझी शंका फिटायला हवी होती. नाही फिटली. करंडक नंतरचा. माझी नोकरी, माझी खोली, माझी लेक, सगळं त्या एका रविवारवर उभं होतं, आणि तो रविवार मला कोणी दिला की मी मिळवला, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या दहाव्याला बावड्याला गेले होते, मामींच्या शेजारी बसले, तोंडाशी आलेला प्रश्न गिळून परत आले. त्यानंतर मी तुमच्या घराची वाटच टाकली. दिवाळीला फराळ धाडला, पण स्वतः गेले नाही. मला मामींची भीती वाटत होती.

काल गेले, कारण लेक बारावी झाली. पेढे द्यायला तरी जावं, तिचं पहिलं खेळणं तुम्ही आणलेलं. मामी आता थकल्या आहेत, पण भाकऱ्या स्वतःच थापतात. मनगट तसंच आहे. पेढा खाऊन म्हणाल्या, येवढी वर्सं कुठं हुतीस ग. मी काहीबाही बोलले. मग त्या आपणहूनच हसायला लागल्या आणि म्हणाल्या, तू त्यांना हरवलंस त्या दिवशी माझ्या जिवाला काय घोर लावलतास तुला काय ठाव. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

"कामावर हरून आले की त्यांचं त्वांड फुललेलं असायचं," मामी म्हणाल्या. "आज वकिलाला जिंकवलं, आज डाक्टरला जिंकवलं, म्हणायचे आनि दोन भाकरी जास्ती खायाचे. त्या दिवशी आले ते भितीकडं त्वांड करून बसले. ताटावर या म्हणलं तर येईनात. म्या म्हणलं, काय झालं तरी काय. तर म्हणाले, आज खरं हरलो. डोळ्याला फूल दिसत हुतं, पाय निघंना." दोन दिवस त्या तुमचा गुडघा मिठाच्या पाण्यानं शेकत होत्या. तिसऱ्या दिवशी सदरा धुवायला काढला तर खिसाभर मुंग्या. आत कागदात गुळाचा खडा, विरघळून खिशाला चिकटलेला. मामींनी तुम्हाला विचारलं, हा कुणासाठी नेला होता, तर तुम्ही म्हणालात, होता एकीसाठी, रागाच्या भरात द्यायचा राहिला, आणि आता काय म्हणून देऊ.

म्हणजे तुम्ही गूळ घेऊन आला होता. मी अकरा करावेत म्हणून खिशात घेऊन आला होता, आणि मी ते केले तेव्हा तुम्हाला इतका राग आला की तो खडा तुमच्या हातून सुटला नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस, जन्मभर हरण्याचा पगार घेतलेला, आणि एका पोरीनं चार ड्रॉप टाकून खरं हरवलं तर रुसून भिंतीकडे तोंड करून बसतो. मला तुमचा असा राग आला, मामा, बारा वर्षं मला टांगून ठेवलंत, एक खडा दिला असतात तर काय झिजला असतात. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. मामींना वाटलं चुलीचा धूर लागला, त्यांनी फुंकणी हातात घेतली.

सगळं माझं आहे. शाळा माझी, खोली माझी, लेक माझी. कोणी बॅटवर आणून टाकलेलं नाही. हे मी काल बावड्यापासून घरापर्यंत चालत येताना पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते खरं निघालं. लेकीला मार्कर म्हणजे काय ते आता पूर्ण सांगितलं आहे. ती म्हणाली, मग वकील आजोबा कधीच जिंकले नव्हते? मी म्हटलं, तुझे आजोबा रोज जिंकले, तुला कोणी विचारलं तर असंच सांगायचं.

हे कागद कुठे धाडायचे नाहीत. फुलांचं एक रिकामं नळकांडं आहे, लेकीची बाहुली त्यातच ठेवलेली आहे, तिच्याखाली हे गुंडाळून ठेवीन. फक्त एक कबूल करते. तुमचा गुडघा दुखत होता हे दिसत असून मी तिथेच मारत राहिले, त्यापायी तुम्ही उपाशी निजलात, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मामींनी ताट वाढलं, आणि तुमच्या चुलीपुढे बसून मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.